तेबाऊची ओळ

तारावा बेटावरच्या त्या गावात काएवाएवढं शिकलेलं कुणी नव्हतं. फिजीतल्या सुवा शहरात राहून ती मोबाइलची अॅपं लिहायला शिकून आली, आणि गावानं तिला पहिलं काम सांगितलं ते होड्यांचं. सकाळी मासेमारीला निघणाऱ्या होडीचं नाव यादीत चढवायचं. होडी परतली की किनाऱ्यावर बसणाऱ्या इओतेबाकाकांनी त्या नावावर बोट सरकवून ओळ काढून टाकायची. दिवस मावळताना एक जरी ओळ उरली, तरी इंजिनाची मोठी बोट शोधाला जाणार. आधी शेवटची होडी लागेपर्यंत बायका वाळूवर ताटकळत उभ्या राहायच्या. काएवाच त्यांना म्हणाली, कशाला पाय मोडून घेताय, फोन बघा की. झालं, बायका घरी बसल्या.

आता खोट कुठं होती ते ऐका. तिचं अॅप ओळ काढायचं ते नाव बघून नव्हे, नंबर बघून. तिसरी गेली की चौथी वर सरकून तिसरी होणार, हे तिला ठाऊक का नव्हतं? होतं. पण पुढं करू, नंतर करू, असं करत ते राहून गेलं. शिकलेल्या माणसाचा आळससुद्धा शिकलेलाच असतो.

त्या संध्याकाळी यादीतल्या तिसऱ्या आणि चौथ्या ओळीच्या होड्या एकदमच लागल्या. इओतेबाकाकांनी भराभर तिसरी ओळ काढली, आणि पडद्यावरची नावं हलायच्या आत चौथी. तोवर अॅपच्या आत चौथ्या नंबरावर तेबाऊचं नाव येऊन बसलं होतं. तेबाऊ म्हणजे काएवाचा बाप. त्याचं नाव गेलं आणि परतलेल्या दुसऱ्या होडीचं नाव तसंच राहिलं. काकांनी मान वर करून पाहिलं, ती होडी तर समोर वाळूवर. फोन अडकला असेल, असं म्हणून त्यांनी तीही ओळ काढली. मग वरच्या दोन होड्याही लागल्या, त्यांच्या ओळी गेल्या आणि यादी मोकळी झाली.

काएवानं घरी फोन पाहिला, यादी मोकळी दिसली, आणि ती भात-मासा खाऊन निवांत झोपली. आई गेल्यापासून बाप किनाऱ्यावर होडी ठेवायच्या छपरातच निजायचा, त्यामुळे तो घरी आला नाही याचं तिला काही वाटलं नाही. जळो ती झोप! सकाळी शेजाऱ्यानं विचारलं, तुझ्या बापाची होडी कुठाय गं, तेव्हा तिच्या तोंडचं पाणी पळालं.

दुपारपर्यंत तिला आपली चूक सापडली. गावाच्या मानेआबात, म्हणजे सभेच्या मोठ्या छपराखाली, सगळे म्हातारे बसले असताना, तिनं खाली मान घालून ती सांगितली. इओतेबाकाका कपाळ बडवत होते, माझेच डोळे गेले म्हणत होते.

"काका, तुम्ही बरोबर ओळीवर बोट ठेवलंत," ती म्हणाली. "भलतीच काढली ती मी लिहिलेल्या अॅपनं."

तिनं अॅप नीट केलं आणि बापाचं नाव यादीत परत चढवलं. ओळ आहे म्हटल्यावर बोट निघालीच. रोज निघाली, रोज रिकाम्या हातानं आली. नवव्या दिवशी पश्चिमेचा वारा सुटला आणि बोट अर्धी पाण्यानं भरून कशीबशी किनाऱ्याला लागली. आतली चारही माणसं लेकुरवाळी होती.

संध्याकाळी मानेआबातला सगळ्यात थोरला म्हातारा तिला म्हणाला, "पोरी, ती ओळ आहे तोवर ही माणसं जात राहतील. तुला नाही म्हणायची नाहीत ती. काढ आता."

"मी एकदा काढलंय बाबांना," काएवा म्हणाली. "आता पुन्हा मीच काढू?"

मग इओतेबाकाका चटईवरून सरकत पुढं आले आणि त्यांनी फोनसाठी हात पुढं केला. तिनं फोन छातीशी धरला.

"तुम्ही नको, काका. तुम्ही आधीच झुरताय."

तिनं बापाच्या नावावर बोट ठेवलं आणि सरकवलं. मग ती तिथंच चटईवर आडवी पडून हंबरडा फोडून रडली. बायका उठून तिच्याभोवती येऊन बसल्या आणि त्याही रडू लागल्या. नऊ दिवसांत गावात कुणी रडलं नव्हतं. तेबाऊचं नाव यादीत होतं ना.