लाईट न जाणारं घर

"कडी!"

वहिनींचा हा शब्द दिवसातून पन्नास वेळा कानावर पडे. कुणी आत आलं की "कडी", कुणी बाहेर गेलं की "कडी". वर हाताची खूणही करायच्या, जणू समोरचा माणूस बहिरा आहे. दार उघडं टाकणारी माणसं त्यांना मुळीच चालत नसत. अशी एखादी बाई तुमच्याही आळीत असेल आणि तुम्हीही तिला मागून हसला असाल. एकलहऱ्याच्या कॉलनीतल्या बायका हसायच्या. मीही हसले असते, पण मी कडीच्या आतल्या बाजूला होते. छत्तीस दिवस.

शहात्तर-सत्त्याहत्तरची गोष्ट. आम्ही नाशिक रोडला भाड्याच्या खोलीत राहायचो. मी प्राथमिक शाळेत शिक्षिका आणि हे एकलहऱ्याच्या वीज केंद्रात कारकून. सातवा महिना सरत होता. एका दुपारी पहिलीच्या मुलांकडून पाढे म्हणवून घेताना मला कळा सुरू झाल्या आणि दिवस मावळायच्या आत मुलगी झाली. ती रडली नाही. मांजराच्या पिलासारखी एकदाच कण्हली. दीड किलोसुद्धा भरली नाही. डॉक्टरीणबाईंनी ती माझ्या हातात दिली नाही, लांबूनच दाखवली. कापसातून एक तपकिरी, सुरकुतलेला चेहरा दिसला. मला वाटलं, ही माझी आजीच परत आली आहे, आणि दमून आली आहे.

डॉक्टरीणबाई यांना म्हणाल्या, "माझ्याकडे काचेची पेटी नाही. मुंबईला न्यायचं तर रस्त्यातच गार पडेल. घरी कापसात ठेवा, वर बल्ब लावा. ऊब एक तासही तुटता कामा नये."

आमच्या घरी वीज रोज दोन-तीन तास जायची. यांनी हे ऑफिसात सांगितलं, तेव्हा बॉयलरवर पाळीत काम करणारे एक थोराड गृहस्थ म्हणाले, "आमच्या क्वार्टरवर आणा. कॉलनीत लाईट जात नाय." त्या गृहस्थांची बायको म्हणजे वहिनी. सगळी कॉलनी त्यांना वहिनीच म्हणायची.

दोन खोल्यांचं घर. आतली खोली त्यांनी आम्हाला दिली आणि स्वतः नवरा-बायको बाहेरच्या खोलीत पथारी टाकू लागले. यंत्राचे भाग ज्यातून येतात तसलं एक लाकडी खोकं वहिनींनी धुऊन, उन्हात तापवून ठेवलं होतं. त्यात कापूस, कापसात मुलगी, वर तारेनं टांगलेला बल्ब. केंद्राची राख आत येऊ नये म्हणून खिडकीला वर्तमानपत्रं चिकटवली होती. त्यामुळे बाहेर दिवस उगवला की मावळला ते फक्त भोंग्यावरून कळायचं. एप्रिलचा महिना. मी घामानं निथळायची, आणि मुलीचे पाय मात्र गारच लागायचे.

मला मुलीला उचलायची परवानगी नव्हती. अंगावरचं दूध ओढायची ताकद तिला नव्हती, म्हणून दर दोन तासांनी दूध वाटीत काढायचं आणि ड्रॉपरनं थेंब थेंब तोंडात सोडायचं. दहा थेंब गेले की पाच बाहेर यायचे. मी हात पुढे केला की वहिनी म्हणायच्या, "हात नको. बघ नुसतं."

"किती बघू, वहिनी?"

"मास्तरीणबाई, पोरांना तू शिकवतीस ना, गप बस म्हनून? आता तू बस."

मला त्यांचा राग यायचा. जेवायला काय, तर बाजरीची भाकरी आणि मेथीची पातळ भाजी, वर लसणाची चटणी. पुढ्यात बसून संपवायला लावायच्या. माझा नवरा आठवड्यातून तीनदा यायचा, दारात उभा राहून मुलीकडे पाहायचा आणि पाणी पिऊन निघून जायचा. मला वाटे, याला परत जायला रस्ता तरी आहे.

विसाव्या दिवशी मी पळाले.

वहिनी नळावर गेल्या होत्या. मी मुलीकडे पाहिलं. ती झोपली होती. मी चपला घातल्या, कडी काढली आणि सरळ फाट्यावर जाऊन नाशिक रोडच्या बसमध्ये बसले. कुठे जायचं ते ठरवलं नव्हतं. पाय शाळेकडे वळले. कुंपणाशी उभी राहिले, तर आतून माझी मुलं दुसऱ्या बाईंपुढे बे एके बे ओरडत होती. पाच साती पस्तीस होईपर्यंत मी ऐकलं. मग एकाएकी दूध दाटून आलं, चोळी भिजली, पदर भिजला. रस्त्यावरचे लोक बघू लागले. परतीची बस यायला तासभर लागला. त्या तासात मी मुलीला मनातल्या मनात कितीदा मेलेली पाहिली, ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

दार लोटलेलं होतं. वहिनी खोक्याशी बसून ड्रॉपरनं दूध पाजत होत्या. सकाळचं वाटीतलं दूध त्यांनी झाकून ठेवलेलं होतं. माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "आलीस? हात धू."

मी हात धुतले आणि रडायला लागले.

"रडू नको. मी पन गेलते एकदा," त्या म्हणाल्या. "माझं पोर तर चांगलं धडधाकट व्हतं, तरी गेलते. पार सिन्नरपातुर."

"मग?"

"मग काय? भूक लागली. आले परत."

मला हसू फुटलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. त्याही हसल्या, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांनी मुलीला उचलून माझ्या छातीशी दिलं. वजन असं काही लागलंच नाही. फक्त ऊब लागली.

महिना होत आला तेव्हा पंचवटीहून सासूबाई आल्या. नातीला घरी नेऊन बारसं करायचं म्हणत होत्या. वहिनी दारात उभ्या राहिल्या. "मूल हलनार नाय. अजून दोन किलो भरलं नाय."

"तुम्ही कोण सांगणार?"

"घर माझं हाय."

सासूबाई आत आल्या. खोक्याकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीकडे. वहिनींनी तांब्या पुढे केला, तर म्हणाल्या, "तहान नाही." भर एप्रिलात, बसनं आलेली बाई. वहिनींनी तांब्या खाली ठेवला आणि त्या बाहेरच्या खोलीत गेल्या. तेवढ्यात सासूबाईंनी मला विचारलं, "सूनबाई, जेवणाचं काय करतेस?"

मी म्हणाले, "नाशिक रोडहून डबा येतो."

दोन खोल्यांमध्ये फक्त एक पडदा होता. पलीकडे तवा ठेवल्याचा आवाज झाला.

सासूबाई गेल्या. नेहमीच्या वेळेला पडदा बाजूला झाला आणि भाकरीचं ताट पुढ्यात आलं. मला मान वर करवेना.

"जेव," वहिनी म्हणाल्या. "दुधाला लागतं."

एवढंच. त्या दिवशी त्या पुढ्यात बसल्या मात्र नाहीत.

छत्तिसाव्या दिवशी मुलगी दोन किलो भरली आणि आम्ही घर सोडलं. बारसं पंचवटीला झालं. वहिनींना बोलावलं नाही. बोलवायचं ठरवलं होतं, आणि बोलावलं नाही. पुढे हे दिवाळीला त्यांच्याकडे फराळ देऊन यायचे. मी दर वेळी काही ना काही कारण काढायची.

मुलगी चार वर्षांची असताना पंचवटीच्या भाजीबाजारात त्या समोर आल्या. नंतर महिन्याभरातच त्यांच्या नवऱ्याची बदली विदर्भात झाली, त्यामुळे तीच शेवटची भेट, तिला भेट म्हणायचं तर. सासूबाई आमच्याकडे पाठ करून भाजीवालीशी भाव करत होत्या. माझं बोट धरून मुलगी पेरू खात होती. वहिनी थबकल्या. डोक्यापासून पायांपर्यंत त्यांनी तिला पाहून घेतलं. तोंड उघडलं, आणि मग त्यांची नजर सासूबाईंच्या पाठीवर गेली. त्यांनी मला अगदी जराशी मान हलवून 'नको' म्हटलं आणि ओळख नसल्यासारख्या बाजूने निघून गेल्या. माझं खोटं त्या अजून सांभाळत होत्या.

"आई," मी म्हणाले. "त्या बघा, चालल्यात. एकलहऱ्याच्या वहिनी. त्यांच्या हातचं मी छत्तीस दिवस जेवले. डबा कधी येतच नव्हता."

सासूबाई वळल्या. हातातली जुडी तशीच राहिली. माझ्याकडे पाहिलं, नातीकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "मग उभी काय राहिलीस?"

मी धावले. टोपल्या, सायकली, रिक्षा चुकवत गेले, तर त्या पार बसपर्यंत पोचल्या होत्या. "वहिनी!" मी ओरडले. बाजारातल्या चार बायका वळून माझ्याकडे पाहू लागल्या. त्या मात्र वळल्या नाहीत. पायरीवर पाय ठेवला, पिशवी सावरली आणि आत गेल्या.