मागावरची फळी

मी लिहावं असं माझ्याकडे काही नाही, हे आधीच सांगतो. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलं नव्हतं आणि गेलो तो मीही कॉमर्सला. शब्द चुकले तर वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं. पण एका फळीबद्दल मी एकदा खोटं बोललो, आणि ते बाबांच्या देखत बोललो. एवढंच लिहायचं आहे.

आमचं घर म्हणजे नागपुरातल्या विणकरांच्या वस्तीतली एक खोली. त्यातला अर्धा भाग बाबांच्या हातमागाचा. माग खड्ड्याचा होता. विणणाऱ्याने जमिनीवर बसायचं, पाय समोरच्या खड्ड्यात सोडायचे आणि खालच्या पावड्या दाबायच्या. बाबा दिवसभर लुगडी विणायचे, तयार झाली की गांधीबागेच्या कापडबाजारात नेऊन द्यायचे. उरलेल्या अर्ध्या भागात चूल, पाण्याचा माठ, आई, बहीण आणि मी.

मी कॉलेजात जायला लागलो तेव्हा बाबांनी आजोबांच्या मोडक्या मागाचं सागवान काढलं आणि एक फळी तयार केली. खड्ड्यावर आडवी टाकली की ती माझी झोपायची जागा. पाहुणे आले की खाली विटा लावून तिचा बाक व्हायचा. आणि संध्याकाळी बाबांचं काम थांबलं की मागाच्या खांबांना पाडलेल्या खाचांमध्ये ती बसायची, ताण्याच्या उभ्या धाग्यांपासून बरोबर चार बोटं वर, एकालाही न टेकता. मग मी बाबांच्या जागेवर बसायचो, पाय खड्ड्यात सोडून, आणि पुढे फळीवर वही. या खाचा जमायला बाबांना आठ-दहा दिवस लागले होते.

“पाय खाली सोडून बस गा,” ते मला म्हणाले. “मांडी घालून वाचशीन तर पाठ जाईन. मी इतकी वर्षं असाच बसून राहिलो, मले काही झालं नाही.”

शेजारच्या काकू दारातून आईला विचारायच्या, “काय वं, तुया पोरगा पुस्तक वाचून राहिला का लुगडं विणून राहिला?” आई हसायची. मी मान वर करत नसे.

खंडेनवमीला बाबांनी नेहमीप्रमाणे मागाला आणि आडवा धागा नेणाऱ्या धोट्याला हळदकुंकू लावलं. त्या वर्षी फळीलाही लावलं. माझं पेन मागून घेतलं आणि फळीवर धोट्याशेजारी ठेवलं.

पुढच्या वर्षी मी हॉस्टेलसाठी अर्ज केला. गावाकडच्या मुलांना देऊन उरलेल्या दोन-तीन जागा, घरी अभ्यासाची सोय नसलेल्या शहरातल्या मुलांना मिळायच्या. एक सर घरी येऊन बघून जायचे. सरांना टेबल दिसलं की नाव गेलं, असं वर्गातल्या एकाने सांगितलं आणि ते माझ्या मनात बसलं.

ज्या सकाळी सर येणार होते, बाबा सूत आणायला गेले होते. मी फळी उचलली आणि काकूंकडे नेऊन ठेवली. त्यांची चौथीतली मुलगी विचारू लागली, काहून आणली? ढेकूण झालेत, असं मी तिला सांगितलं. फळीच्या कडेला कुंकू अजून दिसत होतं.

बाबा परत आले ते थेट मागावर बसले. थोड्या वेळाने सर दारातून वाकून आत आले. बाबा खड्ड्यातून वर आले, हात जोडले. सरांनी मला विचारलं, अभ्यास कुठे करतोस?

“कुठेच नाही, सर. जागाच नाही.”

“आहे ना जी,” बाबा लगबगीने म्हणाले, “म्या फळी केली आहे, दाखवतो...” आणि ते भिंतीकडे वळले. फळी दिवसा जिथे उभी असायची ती भिंत रिकामी होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहत होतो.

“नाही जी,” ते सरांना म्हणाले. “पोरगा बरोबर सांगून राहिला. जागा नाही आमच्या घरी.”

मला हॉस्टेल मिळालं. आता वाटतं, फळी दाखवली असती तरी मिळालं असतं. ती खोली बघून कोणी नाही म्हटलं नसतं. खरं म्हणजे, मी त्या खड्ड्यात पाय सोडून बसतो हे सरांना कळू नये, एवढंच मला हवं होतं. जायच्या दिवशी बाबा माझी ट्रंक सायकलवर ठेवून पायी सोबत आले. रस्ताभर फळीचं काही विचारलं नाही. मीही ती परत आणली नाही. सुट्टीत घरी गेलो की सतरंजी टाकून झोपायचो.

पुढे अकोल्याला नोकरी लागली. आईला लिहिता येत नाही, म्हणून घरची पत्रं शेजारची ती मुलगी लिहून द्यायची. एका जूनमध्ये तिचं कार्ड आलं. बाबांचे गुडघे आता चालत नाहीत, माग मोडला, खड्डा मातीने बुजवला, असं आईने सांगितलेलं आधी होतं. खाली जागा उरली होती तिथे बारीक अक्षरात तिने स्वतःचं लिहिलं होतं:

“मी मॅट्रिक पास झाले. तुम्ही हॉस्टेलला गेल्यावर काकांनी आमच्या घरी येऊन तुमच्या फळीला पाय ठोकून दिले, तेव्हापासून मी तिच्यावरच अभ्यास करते. आता कॉलेजात नाव घालायचं आहे, तिथल्या अभ्यासालाही ती लागेल. पण काका म्हणतात की फळी तुमची आहे, आधी तुम्हाला विचारा. तुम्हाला लागत असेल तर ते एस.टी.वर टाकून पाठवतील.”