भीमेवरची दुमजली विमानं

अख्ख्या दौंडात पहिल्या महायुद्धातली विमानं उडवणारा एकच माणूस होता, आणि तो पाटसला कारखान्यावर उसाच्या गाड्यांना टोकन द्यायचा. मी शिरूर तालुक्यातल्या केंदूरचा. दौंडात स्टेशनजवळ माझा कॉम्प्युटर क्लास होता. क्लास म्हणजे तीन मशीन. एक इतकं सावकाश, की ते चालू करून शिरूरला जावं, लग्न लावावं, जेवून परत यावं, तरी पडद्यावर वाळूचं घड्याळच. दुसरं कायम बंद. तिसऱ्यावर सुट्टीच्या दिवशी हा माझा मित्र विमानांचा खेळ लावून ठाण मांडायचा.

खेळातली विमानं दुमजली पंखांची, तारांनी आवळलेली, थेट उडती बाज. कुठलं विमान कुठून सुटणार, वाटेत काय दिसणार, हे सगळं एका साध्या फाइलीत लिहिलेलं असायचं. ती फाइल बदलली की मिशन तुमचं. बाकीची पोरं त्यात बंदुका वाढवायची. ह्या पठ्ठ्यानं फ्रान्सची नदी वळवून भीमा केली, तिच्यावर रेल्वेचा पूल टाकला, लांब कारखान्याचं धुराडं उभं केलं. मला तर त्या धुराड्याखाली मळीचा वास यायचा.

हा सगळा खटाटोप त्याच्या अब्बांसाठी. मी त्यांना चाचा म्हणायचो. चाचा रेल्वेत शंटर होते, यार्डात इंजिनानं डबे इकडून तिकडं लावणारे, आता निवृत्त. हजला नंबर लागला, चाचींनी बॅग काढली, आणि चाचांनी ऐनवेळी पाय मागं घेतला. "जे रुळावर न्हाई, त्यात मी बसत न्हाई." नातेवाईक समजावून थकले. शेवटी पोरानं गळ घातली, "अब्बा, आधी दौंडावरनं उडून बघा. मग काय ते ठरवा."

"शुक्रवारी नमाजनंतर येतो," चाचा म्हणाले. "पण पडलं, तर हजचं नाव काढायचं न्हाई माझ्यापाशी."

शुक्रवारी सकाळी आम्ही मिशन चालवून बघितलं. धावपट्टीवर विमानांची रांग, पंखे गरागरा, पण हलायला कुणी तयार नाही. मग सगळ्यात मागचं विमान सुसाट सुटलं, पुढच्याच्या ढुंगणात घुसलं, ते त्याच्या पुढच्याच्या, आणि असा जाळ झाला की मी छताचा पंखा बंद केला. उगाच वारा लागून वस्ती पेटायची.

"पेट्रोल कमी टाक," मी सुचवलं.

"गप बस."

"भीमा जरा लांब सरकव."

"तुला सरकवीन. एका टायमाला एकच गोष्ट काढायची, म्हंजी चोर सापडतो."

त्याची चिकाटी मी तेव्हा पाहिली. मी असतो तर मॉनिटरच भीमेत सोडला असता. त्यानं ढग काढले. जाळ. पूल काढला. जाळ. स्वतः उभारलेलं धुराडं काढताना त्याचा चेहरा असा झाला, जणू भर हंगामात कारखाना बंद करतोय. तरी काढलं. जाळच. मग एकच विमान ठेवलं, तर ते बगळ्यासारखं अलगद वर गेलं. दुसरं जोडलं, पुन्हा जाळ.

"म्हंजी भांडण ह्यांचं आपसात हाय," तो म्हणाला, आणि पडद्याला नाक लावून बसला. मग एकदम कपाळावर हात मारला. "मुकादम मागं ठेवलाय रं मी!"

"मग? मुकादम मागंच असतोय की."

"कारखान्यावर. फ्रान्सात न्हाई!"

खेळात एक विमान म्होरक्या नेमावं लागायचं. तो उडाल्याशिवाय बाकीचे हलत नसत. आणि आमच्याकडे ऊसतोडीच्या गाड्या निघाल्या की टोळीचा मुकादम शेवटच्या गाडीबरोबर असायचा. कुणाचा बैल बसला, कुणाची मोळी सुटली, ते मागूनच दिसतं. टोकनवाल्याच्या डोक्यात दुसरी रांग शिरणार कुठून! त्यानं म्होरक्या पुढं आणला, ढग, पूल, धुराडं जागच्या जागी बसवलं, तोवर चाचा अत्तराच्या घमघमाटासह दारात.

विमानं सुटली. एकामागं एक, डौलात. खाली भीमा आली. चाचांनी खुर्चीचा हात असा धरला की तो अजून वाकडाच आहे.

"हा आपला पूल?"

"व्हय अब्बा."

"बरा दिसतोय वरनं." पूल मागं सरेपर्यंत ते बघत राहिले. मग म्हणाले, "चढलं ते बघितलं. आता उतरव."

आम्ही एकमेकांकडे बघितलं. लढाईच्या खेळात उतरतं कोण? माणूस मरतो, नाहीतर एस्केप दाबून चहाला जातो. माझ्या मित्रानं तोवर शेकडो विमानं चढवली होती, उतरवलं एकही नव्हतं.

"उतरवतो," तो म्हणाला.

जमीन वर यायला लागली. विमान टेकलं, उडालं, पुन्हा टेकलं, एक चाक पळून गेलं, पंख मातीत घासत आम्ही कुणाच्या तरी शेतात आडवे होऊन थांबलो. मी डोळे मिटले. गेली हज, म्हटलं.

"आत माणूस हाय ना?" चाचांनी विचारलं.

"हाय."

"हालतोय?"

"हालतोय, अब्बा. मान वळवतोय बघा."

चाचांनी वाकून त्या चिमुकल्या वैमानिकाकडे बराच वेळ बघितलं. "मग झालं तर. आमचे डबे बी उतरलेत रुळावरनं. माणूस वाचला म्हंजी गाडी पोचली." टोपी सारखी करून ते उठले. "घरी जाऊन सांगतो, बॅगेला दोरी बांधा म्हणून."

मित्राचं बोट आनंदानं एस्केपवर गेलं, तेवढ्यात चाचा दारातून वळले. पडद्यावर बाकीची विमानं अजून घिरट्या घालत होती.

"आन् त्यांना बी उतरव. वर टांगून जेवाय येऊ नगंस. त्यांच्या घरी बी कुणी वाट बघत असंल."

मित्रानं बोट काढलं. एकेका विमानाचा ताबा घेत त्यानं सगळी खाली आणली. शेवटचं तर असं टेकवलं, की गवताला पत्ता लागला नाही.