खोडलेले गुण

हे मी आजवर कुणालाच सांगितलं नाही — बायकोलासुद्धा नाही. आता तरी कामून सांगायलोय, ते मलाच नीट कळत नाही.

भालकीच्या एका कॉलेजात मी मानसशास्त्र शिकवायचो. दोन हजार दहाच्या आसपास विभागातल्या सुनंदाअक्कांनी कॉम्प्युटरवरची एक चाचणी आणली. पडद्यावर आडनावं येतात, बरेवाईट शब्द येतात, झटपट बटण दाबायचं. बोट कुठं अडखळतं त्यावरून जातीबद्दलचा नकळत कल कळतो म्हणे. माझा कल तीव्र निघाला. आठ दिवसांनी पुन्हा बसलो, तर काहीच नाही.

स्टाफच्या बैठकीत मी उठलो. एकाच माणसाचे दोन निकाल — याला शास्त्र म्हणायचं? आणि बोट अडखळलं म्हणून तो माणूस अन्याय करेलच, हे कशावरून? मुद्दे बरोबर होते. आजही आहेत. अक्कांना एवढंच हवं होतं, की नेमणुकीचे पेपर नावं झाकून तपासावेत. चाचणीबरोबर तेही बारगळलं.

पण मी एवढा का भांडलो?

आदल्याच वर्षी तात्पुरत्या जागेसाठी लेखी परीक्षा झाली होती. एक पेपर मी नाव न बघता तपासला — सगळ्यांत जास्त गुण दिले. मग पहिलं पान उलटलं. लक्ष्मी, दुबलगुंडीची, माझीच जुनी विद्यार्थिनी. धनगराच्या घरातली. दुसऱ्या नंबरावर आमच्यातला एक मुलगा होता. मी तिचे गुण खोडले, कमी लिहिले. यात नकळत काय होतं? चाचणी जे शोधत होती ते मला आधीच ठाऊक होतं.

ती भेटायला आली होती.

"सर, कामून न्हाई झालं माझं? काय कमी पडलं तेवढं सांगा की."

मी म्हणालो, उत्तरं पाठ केल्यासारखी वाटली. तिनं मान हलवली.

दोनेक वर्षांनी भालकीच्या बसस्टँडवर तिचा भाऊ भेटला. तिनं पुन्हा कुठंच अर्ज केला नाही, म्हणाला. हैदराबादेत औषधाच्या गोळ्यांच्या कारखान्यात पॅकिंग करायलीय.

"तुमचं लई नाव काढती, सर. म्हणती, सरांनीच खरं सांगितलं."

मी 'व्हय' म्हणालो आणि उदगीरच्या गाडीत चढलो.