तराफ्यापलीकडे पाहणारे सुभेदार

सुभेदार गोविंदराव शेडगे यांची आणि माझी पहिली ओळख माझ्या फजितीने झाली. देश नुकताच स्वतंत्र झाला होता. काशीदच्या पुढे एका टेकाडावर तोफा आणि मशीनगन यांच्या सरावासाठी तात्पुरते मैदान उघडले होते आणि साहेब त्याचे प्रमुख होते. मी तळा गावाकडच्या भातशेती करणाऱ्या घरातला, नुकताच नाईक झालेला, अंगात रग भरपूर. समुद्रात पिंपांवर फळ्या बांधून केलेला तराफा नांगरलेला असे, त्यावर पांढरे कापड. तोच आमचा नेम. माझ्या तोफेचा पहिलाच गोळा तराफ्याच्या पुढ्यात पडला, पाणी उसळले आणि मी मिशीवर हात फिरवला.

मागून शांत आवाज आला, "वा, छान! आता काही न हलवता तसाच दुसरा टाका पाहू."

टाकला. तो तराफा ओलांडून पार पलीकडे. तिसरा चांगलाच अलीकडे.

"हलवलंत काही?"

"नाही, साहेब."

"मग? अहो, नळी तापते, दारू दमट होते, वारा फिरतो. तोफ खोटं बोलत नाही, नाईक. पण एकच गोष्ट दोनदा तश्शीच सांगतही नाही."

सगळी पलटण हसली. मीही हसलो, करतो काय! त्या दिवसापासून साहेबांनी मला आपल्या हाताखाली घेतले आणि पुढे हवालदार झालो तरी मी त्यांच्याच मैदानावर राहिलो. गौरवसमितीने हा लेख माझ्या गळ्यात घातला तो त्यामुळेच. लेखन हा माझा प्रांत नव्हे. पण साहेबांच्या साठीनिमित्त दुसऱ्या कुणी 'अचूक नेमबाज' वगैरे भरमसाट विशेषणे लावण्यापेक्षा, खरे काय ते मी सांगितलेले बरे.

खरे असे, की साहेबांना 'अचूक' हा शब्दच फारसा आवडत नसे. नेम एका ठिकाणी धरायचा, पण हिशेब मात्र पट्ट्याचा ठेवायचा, असे ते शिकवीत. रोपासाठी भाताची मूठ फेकली की दाणे काही एका जागी पडत नाहीत; बाजूला थोडे आणि पुढे लांबवर पसरतात. मशीनगनच्या गोळ्यांचेही तसेच. पल्ला म्हणजे गोळी जिथवर मारायची तिथवर नव्हे, तर गोळी जिथवर जाऊ शकते तिथवर, हे वाक्य त्यांनी आमच्याकडून इतक्यांदा वदवून घेतले, की आमच्यातला एक जण म्हणे झोपेतही ते बडबडत असे.

शिस्तीला कडक, पण माणूस मायाळू. तोफांजवळ उभे राहून जवानांचे कान बिघडतात, याची त्यांना भारी काळजी. सरकारी कापूस वेळेवर येईल तर शपथ. तेव्हा साहेब घरून वाती आणू लागले. होय, देवापुढच्या फुलवाती! साहेबांच्या पत्नी, म्हणजे आमच्या काकू, देवासाठी म्हणून वळून ठेवीत आणि साहेब त्यातल्या निम्म्या आमच्या कानांसाठी पळवीत. एकदा काकू मैदानावर शिधा घेऊन आल्या, तो आम्ही सगळे कानात वाती घालून ओळीने उभे. "अगंबाई, माझे देव अंधारात आणि हे सगळे उजेडात!" असे म्हणून त्या जे हसल्या, ते अजून डोळ्यांपुढे आहे. पुढे त्या दुप्पट वाती वळू लागल्या. स्वतः साहेब मात्र हुकूम नीट ऐकू यावेत म्हणून उजव्या कानात कधी काही घालीत नसत, आणि आज त्यांच्याशी बोलायचे तर डाव्या बाजूला बसावे लागते.

सरावाच्या आदल्या दिवशी, समुद्रात ठरवलेल्या रेघेच्या आत होड्या आणू नका, अशी कोळीवाड्यात दवंडी फिरे आणि टेकाडावर लाल निशाण चढे. कायद्याने एवढे पुरेसे होते. साहेब तरीही दवंडीवाल्याबरोबर स्वतः चालत जात. जनू नाखवा हा वाड्यातला वजनदार माणूस. साहेब त्याच्या ओट्यावर बसत, बिनदुधाचा चहा घेत आणि शिव्याही खात. शिव्या म्हणजे खऱ्याच. ऐन मासळीच्या दिवसांत समुद्र बंद केला तर कोण गोड बोलेल?

"सुभेदार, तुमी रेघ मारताव ती लई लांब," जनू म्हणे. "गोली पडते कुठं नि तुमी आमाला हाकलताव कुठं! आमचं डोलं काय फुटलंत? गोली जिथं पडली तिथं बुडाली. दगूड हाय तो, मासा न्हाय पुढं पवायला."

"नाखवा, रेघ तीच राहील," एवढेच साहेब म्हणत आणि चहा संपवून उठत.

आता जनूच्या बाजूने एक सांगितले पाहिजे. कोळ्यांची नजर म्हणजे काय नजर! आम्ही दुर्बीण लावून शोधायचो ते पाण्याचे तुषार त्याला ओट्यावरून दिसत. कित्येक सराव पाहून त्याने आपला ठोकताळा बसवला होता: तराफा लांब असेल तर लांब राहायचे आणि तराफा जवळ असेल तर बिनधास्त थोडे अलीकडे यायचे. वरवर कुणालाही पटेल असाच तो होता. पण तो नेमका उलटा होता. तराफा लांब असला, की गोळी उंचावरून येते आणि पाण्यात घुसते. तराफा जवळ असला, की ती सपाट जाते, पाण्यावर आपटून उसळते आणि टप्पे घेत कुठल्या कुठे निघून जाते.

एकदा बाहेरून बडे अधिकारी पाहणीला आले. त्यांना नीट दिसावे म्हणून तराफा मुद्दाम जवळ नांगरला होता. सुभेदार-मेजरची जागा रिकामी व्हायची होती आणि साहेबांचे नाव वर गेले होते, हे आम्हा सर्वांना ठाऊक होते. त्या दिवसाच्या कामावरच ते ठरायचे होते. काकूंनी सकाळी देवाला नारळ ठेवला होता, असेही मागाहून कळले. मशीनगन सज्ज झाल्या, गोळ्यांचे पट्टे चढले, माझे अंगठे घोड्यावर. इतक्यात साहेबांचा आवाज कडाडला, "फायर बंद!"

तराफ्याच्या खूप पलीकडे, पण आमच्या रेघेच्या आत, एक होडी होती. जनू नाखवा आणि त्याचे दोन मुलगे. तराफा जवळ दिसला म्हणून गडी ऐटीत अलीकडे येऊन जाळे टाकून बसला होता!

पाहुण्या अधिकाऱ्यांनी दुर्बीण लावली. होडी फार दूर आहे, नेम तर अगदी जवळचा आहे, असे ते म्हणाले. त्यांना मुंबईला परतायला रेवसची लाँच गाठायची होती आणि लाँच भरतीच्या वेळेवर सुटते, ती कुणासाठी थांबत नाही. साहेब म्हणाले, "होडी बाहेर जाईपर्यंत माझ्या मैदानावर गोळी सुटणार नाही, साहेब." आवाज चढला नाही, पण पायही हलला नाही. आम्ही झेंडे हलवले, शिट्ट्या मारल्या, शेवटी एक होडी पाठवली. जनू मजेत जाळे ओढत होता. ओढून होईना! अधिकारी घड्याळ पाहत राहिले आणि अखेर एकही गोळी न पाहता जीपमध्ये बसले. जाताना काही वाईट बोलले नाहीत. चांगलेही बोलले नाहीत.

मला असा संताप आला होता, की जनू किनाऱ्याला लागल्यावर मी बाह्या सरसावूनच पुढे झालो. साहेबांनी मला हाताने मागे सारले आणि नाखव्याला टेकाडावर बोलावले. तो तणतणतच आला. साहेबांनी आपली दुर्बीण त्याच्या गळ्यात अडकवली. "मघाशी जाळं टाकलं होतंत ती जागा सापडते का, पाहा."

"डोले मिटून सापडंल," जनू म्हणाला.

"मग डोळे उघडे ठेवा, आणि तिथंच बघत राहा. तराफ्याकडे बघू नका." आणि मला म्हणाले, "हवालदार, चालू द्या."

मी गोळ्या सोडल्या. तराफ्यापाशी पाणी खवळले, कापडाच्या चिंध्या झाल्या. आणि मग, लांबवर, जिथे नुसता मोकळा समुद्र होता तिथे, पाण्यातून बारीक पांढरे तुरे उठले. एक, मग दोन, मग बरेच.

जनूने दुर्बीण खाली घेतली नाही. तशीच धरून म्हणाला, "माजी पोरं व्हती तिथं." मग खाली बसला तो बसलाच. उठला तेव्हा म्हणाला, "सुभेदार, मी अलिबागेस जातो, मुंबईस जातो. त्या सायबाला सांगतो मी काय बगितलं ते."

"कशाला साक्ष?" साहेब म्हणाले. "होडी किनाऱ्याला लागली ना? झालं तर."

सुभेदार-मेजरची जागा दुसऱ्याला मिळाली. साहेब सुभेदार म्हणूनच निवृत्त झाले आणि अलिबागेत राहायला आले. या गोष्टीचा उल्लेख त्यांनी पुढे कधी केला नाही. मी मात्र आज लेखात करतो आहे आणि ते रागावणार आहेत. रागावोत. मला त्या वेळी वाईट वाटले होते, आजही वाटते, आणि ते लपवून गौरवलेख लिहिण्यात काय अर्थ? लढाईत शौर्य केले तर पदक मिळते. वेळीच 'बंद' म्हटल्यामुळे जे घडलेच नाही, त्याचे पदक कुठल्याच सरकारकडे नसते.

जनूचे ते दोघे मुलगे आता बाप झाले आहेत, आणि थोरल्याची मुलगी यंदा शाळेत जाऊ लागली. साहेबांसाठी काय इच्छावे, या विचारात मी परवा कोळीवाड्यात गेलो होतो. म्हातारा जनू म्हणाला, "माज्या घरात आज जेवढी मान्सं जेवाया बसतात, ती सगली सुभेदारांच्या वयात धर." तेव्हा साहेब, आम्ही हिशेब तसाच धरला आहे. त्या घरात आणखी पुष्कळ पाने वाढली जावीत, आणि तुम्ही निरोगी राहून, डाव्या कानाने का होईना, त्या सगळ्यांची बारशी ऐकावीत.