कुरकुंभची वाट नगं

"धरा की हो कुणीतरी!"

अशी हाक आली की आमच्यातले दोघं सायकली रस्त्याकडेला टाकून धावत सुटायचे. एकानं हँडल धरायचं, दुसऱ्यानं मागचं कॅरिअर. मग पहिलवानी अंगाचे, पन्नाशीचे आप्पा धोतर सावरत खाली उतरायचे आणि म्हणायचे, "झ्याक!"

उशिरा सायकल शिकलेला माणूस तुम्हीही पाहिला असेल. आप्पांना चालवता छान यायची, उतरता मात्र यायचं नाही. जवळ कुणी नसलं तर मैलाचा दगड गाठून त्यावर पाय टेकायचे.

मी तेव्हा दौंडला रेल्वेत कारकून होतो. आम्ही सात-आठजण दर रविवारी सकाळी सायकली काढून कुठं तरी जाऊन यायचो. स्टेशनमागं आप्पांची लाकडाची वखार होती. एकदा तिथून जाताना ते रस्त्यात आडवे आले.

"मला घ्याल का तुमच्यात? म्होरं न्हाई पळणार, पर मागंबी न्हाई ऱ्हाणार."

घेतलं. त्यांच्यामुळं रविवार मोठा झाला. वाटेत कुणाच्याही मळ्यात थांबून ते ओळख काढायचे आणि आम्हाला ताक मिळायचं. एकच गोष्ट त्यांना चालत नसे. कुरकुंभचं नाव निघालं की त्यांचा चेहरा उतरायचा.

"शिरूरला चला म्हना, येतो. कुरकुंभची वाट नगं."

शिरूर केवढं लांब! कुरकुंभ तर दौंडच्या उशाशी. पुढं कळलं की कुरकुंभ त्यांचं गाव. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून थोरल्या भावाशी जुंपली, हे दौंडला निघून आले आणि नंतर कुणीच कुणाकडं गेलं नाही.

एका रविवारी आप्पा सगळ्यांच्या आधी येऊन उभे. "आज कुरकुंभ," म्हणाले. आम्ही सायकली तिकडं वळवल्या. चढाला लागल्यावर माझ्या शेजारी येऊन ते स्वतःच बोलले, "थोरल्याचे डोळे जायला लागल्यात म्हनं. दिसतंय तवर त्वांड दावून येतो."

वेशीतून आत गेलो. देवळासमोरच्या ओट्यावर एक म्हातारे गृहस्थ काठी टेकून बसले होते. आप्पांनी त्यांना पाहिलं आणि सायकल वळवली. देवळासमोरच्या मोकळ्या जागेत एक चक्कर मारली. मग आणखी एक. हाक काही देईनात. आम्ही धरायला निघालो, तर त्यांनी मानेनंच नको म्हटलं. घामानं सदरा पाठीला चिकटला होता.

म्हाताऱ्यांनी डोळे बारीक केले. "कोन हाय त्यो? सारका घिरट्या घालतुया!"

आप्पांनी तिसरी चक्कर घेतली. शेवटी म्हणाले, "दादा, मी हाय. मला उतराया येत न्हाई."

म्हातारे उठले. काठी तिथंच पडली. हात पुढं करून चाचपडत आले आणि सायकल जवळून जाताना त्यांनी हँडल गच्च पकडलं.

"पन्नाशीत सायकल? पडला असतास म्हंजी?"

"पडलो न्हाई नव्हं."

"उतर आता," म्हातारे म्हणाले, आणि आप्पा उतरल्यावरही त्यांनी हँडल सोडलं नाही. आम्ही तोंडं फिरवून देवळाकडं बघत राहिलो.

त्यानंतर आप्पा आमच्यात येईनासे झाले. दर रविवारी एस.टी.नं कुरकुंभला जायचे. वाटेत आम्हाला ताक विचारणारं कुणी उरलं नाही.

माझी बदली व्हायच्या थोडं आधी आम्ही त्याच रस्त्यानं चाललो होतो. थंडीचे दिवस होते. बांधावर दोघं भाऊ रस्त्याकडं पाठ करून बसले होते. थोरल्यांना आता दिसत नव्हतं, हे त्यांच्या बसण्यावरूनच कळत होतं. आप्पा हात लांब करून सांगत होते, "ज्वारी कनसाला आलीय, दादा. पल्याड करडईला फुलं आल्यात. पाखरं बसल्यात बघ, लय हायती."

"हाकल की मग," थोरले म्हणाले.

"ऱ्हाऊ दे. बसल्यात झ्याक."

आम्ही घंटी न वाजवता हळूच पुढं गेलो.