लवंग आणि हुंकार

जळकोटच्या स्टँडवर एसटीच्या टपावर माझी गादी चढली, तेव्हा अर्धी गल्ली बघायला आली होती. गादी अब्बांनी स्वतः भरलेली. आमचा धंदाच तो, कापूस पिंजायचा आणि गाद्या भरायच्या. मी खिडकीत बसले होते, अंगात वकिलाचा काळा कोट. पुण्याच्या कोर्टात उभं राहायला अजून कितीतरी अवकाश होता, ऊन भाजून काढत होतं, पण कोट घडी करून पिशवीत ठेवणं बाईसाहेबांना कमीपणाचं वाटलं. सोलापूर येईस्तोवर कोट आतून ओलाचिंब. कंडक्टरनं काळजीनं विचारलं, ताप आलाय का. मी इंग्रजीत काहीतरी उत्तर दिलं. आठवलं की आजही स्वतःच्या कानाखाली द्यावीशी वाटते.

अम्मी रडली. अब्बा रडले नाहीत, त्यांनी अट घातली. पुण्याच्या ज्या मोठ्या वकिलांकडं मी शिकायला चालले होते, ते दिवाळीनंतर परीक्षा घेऊन निवडतील त्यालाच ठेवून घेणार होते. अब्बा म्हणाले, निवडलं तर राहा. नाहीतर मी येईन, गादी बांधीन आणि तुला घेऊन येईन. नळदुर्गचं एक स्थळ तोवर थांबायला तयार होतं. बिचारं.

सरांकडं शनिवारी दुपारी सराव चालायचा. टेबल भिंतीला सारून खोलीचं कोर्ट करायचं. सर न्यायाधीश. कोर्टातल्या नोकरीतून निवृत्त झालेले नाना साक्षीदार, तेही मोठ्या हौसेनं. आम्ही शिकाऊ वकिलांनी आळीपाळीनं उलटतपासणी घ्यायची, म्हणजे समोरच्या बाजूच्या साक्षीदाराला प्रश्न विचारून त्याच्या बोलण्यातली फट शोधायची. मला वाटलं होतं, यात काय शिकायचं? भांडायला तर मी गल्लीत एक नंबर.

पहिला खटला बैलचोरीचा. मी आरोपीची वकील. नाना म्हणाले, मी याला बैल सोडताना पाहिलं. मी म्हणाले, व्हय. ते म्हणाले, गोठ्यात कंदील होता, चेहरा स्वच्छ दिसला. मी मान डोलावून म्हणाले, व्हय, व्हय. नाना खुलले. त्यांनी बैलाचा रंग सांगितला, शिंगं सांगितली, आरोपीचा बाप कसा चोर होता तेही सांगितलं, आणि प्रत्येक वाक्याला माझा हुंकार तयार. शेवटी सरांनी पेन खाली ठेवलं.

"बाई, तुमच्या अशिलानं बैल चोरला असं ते सांगतायत आणि तुम्ही होकार देताय. त्याला आत्ताच आत टाकू, की चहा घेऊन?"

जळकोटात राहिलेल्यांना यातली अडचण समजावून सांगायला नको. आपल्याकडं कुणी बोलायला लागलं की ऐकणारानं वाक्यावाक्याला हुंकार द्यायचाच. आमच्या घरात दखनीत 'हौ', गल्लीत मराठीत 'व्हय'. नाही दिला तर बोलणाराला वाटतं, याचं आपल्याकडं लक्ष नाही, किंवा आपण याला नकोसे झालो. होकाराचा त्यात काही संबंध नसतो. हे मी सरांना सांगून बघितलं. ते म्हणाले, कोर्टात असतो. साक्षीदारासमोर वकिलाचा चेहरा भिंतीसारखा हवा.

मग त्यांनी उपाय सांगितला. सरावात साक्षीदार बोलत असेल तोवर दातांत लवंग धरायची. हुंकार द्यायला तोंड उघडलं की ती पडणार. सुरुवातीला माझ्या लवंगा खोलीभर पडायच्या आणि नाना त्या वेचून द्यायचे. हळूहळू पडेनाशा झाल्या. मी भिंत झाले. मेसमध्ये, बसमध्ये, घरमालकीणबाईंसमोरसुद्धा भिंत. त्या बाई इतरांना सांगत, पोरगी गुणी आहे, पण घुमी आहे. जळकोटात हे कुणाला सांगितलं असतं तर पोट धरून हसले असते.

परीक्षेच्या दिवशी अब्बा हजर. पांढरी टोपी, धुतलेला सदरा, आणि खिशातून दोरीचं टोक बाहेर आलेलं. गादी बांधायची दोरी. निकाल काय लागणार याची त्यांना खात्रीच होती. ते मागच्या बाकावर टेकले.

खटला पुन्हा बैलचोरीचाच. नानांनी कंदिलापासून सुरुवात केली. मी गप्प, दातांत लवंग. खोली शांत. आणि मागून आवाज आला, "हौ."

नानांनी मान उंचावून मागच्या बाकाकडं बघितलं. कुणीतरी मनापासून ऐकतंय म्हटल्यावर ते अब्बांकडं बघूनच बोलायला लागले. वारा सुटला होता म्हणाले. हौ. गोठ्याचं दार आदळत होतं. हौ. कंदील तर चोर यायच्या आधीच विझला होता.

"हौ," अब्बा म्हणाले.

मी लवंग गालात सारून विचारलं, "म्हणजे तुम्ही चेहरा अंधारात ओळखलात, बरोबर?" आणि खाली बसले. पुढं एक शब्द विचारला नाही. कधी थांबायचं, एवढं मात्र तोवर मला आलं होतं.

सरांनी टेबलाकडं बघून हसू दाबलं, असं मला वाटतं. मग म्हणाले, मागच्या बाकावरचे वकील उत्तम आहेत, पण ते काही इथं राहणार नाहीत, तेव्हा तुम्हीच राहा.

बाहेर आल्यावर मी अब्बांना विचारलं, मधे कशाला बोललात? ते गोंधळून म्हणाले, "बूढा आदमी बोलरा, कोई हौ नै बोलता. अच्छा दिखता क्या?"

मला वाटलं, झालं, जिंकलो. पण खरी परीक्षा खोलीवर गेल्यावर झाली. अब्बा गादीवर टेकून घरचं सांगायला लागले. अम्मीचे गुडघे. शेळी व्याली. शेजारच्या काकूंनी माझ्यासाठी ठेवलेला शेंगांचा डबा ते स्टँडवरच विसरले, म्हणून त्या आता बोलणार. मी ऐकत होते, अगदी जीव लावून ऐकत होते, आणि तोंड बंद. सवयच तशी झाली होती. अब्बांचा आवाज बारीक होत गेला. एका वाक्याच्या मधेच ते थांबले. हात खिशातल्या दोरीवर गेला.

"सुनरी ना?"

असं त्यांनी मला आयुष्यात कधी विचारलं नव्हतं. मी गालातली लवंग थुंकली आणि म्हणाले, "हौ अब्बा." मग शेळीपासून पुन्हा सगळं सांगायला लावलं आणि वाक्यावाक्याला हौ म्हटलं, थोडं जास्तच. बोलून झाल्यावर ते उठले. खिडकीच्या गजापासून दाराच्या खुंटीपर्यंत त्यांनी ती दोरी ताणून बांधली, ओढून बघितली आणि माझा कोट तिच्यावर वाळत घातला. घामाचा वास येतोय म्हणाले.

त्या दोरीवर मी लग्नापर्यंत कपडे वाळवले.

आता अब्बा नाहीत, अम्मी नाही. जळकोटला हायवे एवढा रुंद झालाय की आमच्या दुकानाची जागा नक्की कुठं होती, यावर भाचा आणि मी भांडतो. पुण्यात मी शिकाऊ वकिलांना उलटतपासणी शिकवते. वर्गात लवंगांचा डबा असतो, आणि मॅडमना दाताचा त्रास आहे अशी सगळ्यांची समजूत आहे. नात सना हेच शिकायला लंडनला गेली. विमानतळावर तिच्या अंगात काळा कोट होता.

परवा व्हिडिओ कॉलवर तिला जळकोटचं सांगत होते. भाच्याची नवी गाडी, कुणाच्या पोरीचं लग्न. समोर सना, चेहरा भिंतीसारखा. मला वाटलं, नेट गेलं. मग ओळखलं. शिकवणारे चांगले भेटलेत पोरीला.

"सुनरी ना?"

"ऐकतेय दादी."

"मग हौ म्हण की."

ती हसली आणि म्हणायला लागली. मी पुढं सांगत राहिले, ती हौ म्हणत राहिली. तिच्या मागं भांडी वाजत होती, मधेच तिनं कांदा चिरायला घेतला, आणि मी मुद्दाम म्हटलं भाच्यानं गाडी विहिरीत घातली, तरी ती म्हणाली, हौ.

खोटा हुंकार मला लगेच कळतो, जन्म गेला त्यात. पण मी तिला काही विचारलं नाही. गाडी विहिरीतून बाहेर काढली आणि सांगत राहिले.